‘फाईल सापडत नाही’, पण कुठली फाईल?



या वेळचा विषय थोडा आडवळणाचा आहे. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टाइप करायच्या आणि संगणकानं त्या पाळायच्या, त्या जागेला शेल म्हणतात. आपल्यापैकी पुष्कळांनी तो फक्त सिनेमात पाहिला असेल. पण आता घरोघरी कुणी ना कुणी संगणकाचं शिकतंय, कुणाची मुलगी बंगळूरला सर्व्हर सांभाळतेय, कुणाचा जावई हैदराबादला. त्यांच्या खांद्यावरून डोकावून हा लेख वाचा. आणि ज्यांचा शेलशी काही संबंध नाही, पण फोटोंना, गाण्यांना, कागदपत्रांना मराठीत नावं द्यायची सवय आहे, त्यांनी तर नक्की वाचा.

गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला इंदूरहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. “मामा, आजीच्या सगळ्या फायली गेल्या.”

आजी म्हणजे माझी आई. शेवटची काही वर्षं ती माझ्या बहिणीकडे इंदूरला होती. जात्यावरच्या ओव्या तिला किती येत होत्या हे आम्हा भावंडांना कधी नीट कळलंच नाही. भाचीला कळलं. दोन पावसाळे तिनं आजीला गाऊ दिलं आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण केलं. एकूण २१२ तुकडे. प्रत्येक तुकड्याला तिनं मराठीत नाव दिलं: कसली ओवी, कुणाकडून शिकलेली, कुठल्या प्रसंगाची. वेगळी वही केली नाही. फाईलचं नाव हीच वही. आई जाऊन दीड वर्ष झालं. म्हणजे आता ‘आजी, ही ओवी तू कुणाकडून शिकलीस?’ असं विचारायची सोय नाही.

मोबाइल जुना झाला, तो विकला. लॅपटॉपची जागा भरत आली होती. कॉलेजच्या कामासाठी तिनं महिन्याच्या भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेतला आहे, त्यावर तिनं सगळ्या फायली चढवल्या, संख्या मोजली, २१२ भरली, आणि लॅपटॉपवरच्या काढून टाकल्या. (इथं माझा जीव वरखाली झाला, पण ते नंतर.) दुसऱ्या दिवशी सर्व्हरवर शिरल्याबरोबर पहिलीच ओळ आली ती अशी. ती इंग्रजीत असते, मी देवनागरीत लिहितो:

‘बॅश: वॉर्निंग: सेटलोकेल: एलसी_ऑल: कॅनॉट चेंज लोकेल (एमआर_आयएन.यूटीएफ-८): नो सच फाईल ऑर डिरेक्टरी’

शेवटचे शब्द वाचा. ‘अशी कुठलीही फाईल किंवा फोल्डर नाही.’ बिचारीनं तेवढेच वाचले. मग घाबरून यादी मागवली, म्हणजे एलएस ही आज्ञा दिली, तर ओव्यांच्या नावांच्या जागी डॉलरचं चिन्ह, अवतरण, आणि तिरप्या रेघांनी जोडलेले आकडे: ३४०, २४४, २०६, पुन्हा ३४०, २४४… एकही मराठी अक्षर नाही. शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीनं उपाय सुचवला होता. ‘मराठी नावांमुळे असं होतं. एक छोटी स्क्रिप्ट चालव, इंग्रजी नसलेलं प्रत्येक अक्षर नावातून काढून टाकेल. फायली साफ होतील.’ स्क्रिप्ट तयार होती. एंटर दाबायचं बाकी होतं, पण तेवढ्यात तिला मामाची आठवण झाली.

मी म्हटलं, “आधी कीबोर्डवरून हात काढ.”

ही स्क्रिप्ट चालली असती तर काय झालं असतं ते आधी सांगतो, कारण असा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देईल. तिच्या नावांत इंग्रजी अक्षर एकही नव्हतं, आकडेसुद्धा देवनागरी. त्यातून मराठी काढून टाकलं की उरतं काय? दोन-चार डॅश आणि शेवटची एम४ए ही शेपटी. म्हणजे पन्नास-साठ फायलींचं नाव एकच होणार. शेलमध्ये नाव बदलायची आज्ञा एमव्ही. त्या नावाची फाईल आधीपासून असेल तर ती मुकाट्यानं जुनीवर नवी चढवते, विचारत नाही. दुसरी ओवी पहिलीवर, तिसरी दुसरीवर. नावंच नव्हे, आवाजही गेले असते. दोन मिनिटांत.

आणि मुळात काहीच गेलेलं नव्हतं.

मी तिला सांगितलं, “त्या आकड्यांतली पहिली सहा वाच.” तिनं वाचले: ३४०, २४४, २०६, ३४०, २४४, २१०. मी कागदावर मांडले. पहिले तीन म्हणजे ‘आ’. पुढचे तीन म्हणजे ‘ई’. त्या फाईलचं नाव ‘आई’ या शब्दानं सुरू होत होतं. जागच्या जागी, जसंच्या तसं. फक्त सर्व्हर ते आपल्याला वाचून दाखवायला तयार नव्हता.

आता हे आकडे कसले? संगणक अक्षरं साठवत नाही, संख्या साठवतो. इंग्रजी अक्षराला एक संख्या पुरते, ज्याला बाइट म्हणतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो, काना असो की वेलांटी, तीन बाइट लागतात. ही पद्धत म्हणजे यूटीएफ-८. १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत केन थॉम्पसन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर टेबलावरच्या कागदी मॅटवर ती मांडली, आणि आज तुम्ही फोनवर हा लेख वाचताय तोही बहुधा त्याच पद्धतीनं तुमच्यापर्यंत आला आहे. देवनागरीचे तीन बाइट शेलमध्ये अष्टमान पद्धतीनं लिहिले की पहिला नेहमी ३४०, दुसरा २४४ किंवा २४५. तेव्हा ही खूण लक्षात ठेवा: आकड्यांच्या गर्दीत ३४०-२४४, ३४०-२४५ असं पुन्हा पुन्हा दिसलं तर घाबरायचं नाही. तिथं मराठी (किंवा हिंदी, नेपाळी, संस्कृत) सुखरूप बसलेलं आहे. जुन्या सर्व्हरवर आकड्यांऐवजी प्रश्नचिन्हं दिसतात, एका चिन्हामागे तीन, म्हणजे ‘आई’ची सहा. अर्थ तोच.

मग ‘फाईल नाही’ असं जे सर्व्हर म्हणत होता, ती फाईल कुठली?

इथं लोकेल हा शब्द समजून घ्यावा लागतो. लोकेल म्हणजे या माणसाची भाषा कोणती, देश कोणता आणि अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलेली, याचा एक छोटा पत्ता. ‘एमआर_आयएन.यूटीएफ-८’ या पत्त्यात एमआर म्हणजे मराठी, आयएन म्हणजे भारत, आणि पुढे अक्षरपद्धती. हा पत्ता नुसता लिहून भागत नाही. त्या पत्त्यामागे संगणकात एक माहितीचा संच असावा लागतो: या भाषेत अक्षर कशाला म्हणायचं, वर्णक्रम कसा, वारांची नावं काय, एक कोटी लिहिताना स्वल्पविराम १,००,००,००० असे द्यायचे की १०,०००,००० असे. भाचीच्या सर्व्हरवर हा मराठीचा संच नव्हता. सापडत नव्हती ती फाईल ही. ओव्यांच्या फायलींशी त्या वाक्याचा काडीचा संबंध नव्हता. इशारा लिहिणाऱ्यांनी ‘भाषेची माहिती बसवलेली नाही’ असं लिहिलं असतं तर पुष्कळ लोकांची झोप वाचली असती.

उपवासाच्या दिवशी तुम्ही कुणाकडे गेलात, आधी चिठ्ठी पाठवून कळवलंत की आज उपास आहे, आणि यजमानांच्या घरात साबुदाणाच नाही. चिठ्ठी बरोबर पोचली, यजमान समजूतदार आहेत, पण डब्यात साबुदाणा नाही म्हटल्यावर ते जे रोजचं आहे ते वाढणार. शेलचं रोजचं जेवण म्हणजे ‘सी’ नावाचं लोकेल. सी ही संगणकभाषा, तिच्यावरून हे नाव. १९८९ साली सी भाषेचं पहिलं प्रमाणीकरण झालं तेव्हापासून नियम आहे की प्रत्येक प्रोग्राम सुरुवातीला ‘सी’ लोकेलमध्येच असतो. पुढे त्यानं मागितलं आणि मिळालं, तरच तो दुसऱ्या भाषेत जातो. ‘सी’ला जेमतेम १२८ चिन्हं ओळखता येतात: इंग्रजी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं. बाकी सगळं त्याच्या लेखी अनोळखी बाइट. म्हणून तो ते पडद्यावर न टाकता आकड्यांत दाखवतो. पर्ल या भाषेतले प्रोग्राम हे जरा प्रामाणिकपणे सांगतात. त्यांच्या इशाऱ्याच्या शेवटी ‘फॉलिंग बॅक टू द स्टँडर्ड लोकेल’ असं येतं, म्हणजे मागितलेलं मिळालं नाही, म्हणून ‘सी’वर आलो.

पण सर्व्हरला ही चिठ्ठी पाठवली कुणी? भाचीनं सर्व्हरवर मराठीचं नावही काढलं नव्हतं.

चिठ्ठी तिच्या लॅपटॉपनं पाठवली. उबंटू आणि डेबियन या लिनक्स प्रकारांत दूरच्या संगणकात शिरण्यासाठी एसएसएच वापरतात. त्याच्या सेटिंगमध्ये मुळातच एक ओळ असते, सेंडएन्व्ह नावाची: माझ्याकडचे लँग आणि एलसी_ने सुरू होणारे सगळे पत्ते समोरच्याला कळव. आणि सर्व्हरकडच्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेप्टएन्व्ह नावाची ओळ असते: असे पत्ते आले तर स्वीकार. दोघंही सभ्यपणे वागले. लॅपटॉप म्हणाला, बाई मराठी आहेत. सर्व्हर म्हणाला, बरं. आणि डबा उघडून बघतो तर साबुदाणा नाही. भाड्याचे सर्व्हर हलके राहावेत म्हणून त्यात बहुतेक भाषा बसवलेल्याच नसतात. तेव्हा हा मराठीचा दोष नाही, तिच्या लॅपटॉपचा नाही, आणि भाड्यानं देणाऱ्यांनी काही चुकवलं असंही नाही.

आता प्रत्यक्ष काय केलं ते. एक सूचना आधी: या सदरात आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. लँग आणि एलसी_ऑल ही नावं पूर्ण मोठ्या अक्षरांत, मधे अंडरस्कोर. पत्त्यात एमआर छोट्या अक्षरांत, आयएन आणि यूटीएफ मोठ्या. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. शेलमध्ये निम्मी रडारड जागा सोडण्यावरून होते.

पहिलं काम खात्री करून घेण्याचं. एलएस टाइप करण्याआधी त्याच ओळीत एलसी_ऑल, बरोबर, सी.यूटीएफ-८ असं लिहायचं, मग एक जागा, मग एलएस. असं आज्ञेच्या आधी लिहिलं की ते त्या एका आज्ञेपुरतंच लागू होतं, नंतर सगळं पूर्ववत. सी.यूटीएफ-८ म्हणजे त्याच रोजच्या जेवणाची जरा सुधारलेली आवृत्ती: भाषा कुठलीच नाही, पण जगातली सगळी अक्षरं ओळखते. डेबियन घराण्यात ती बरीच वर्षं आहे आणि २०२२ पासून लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीतही आली. भाचीनं एंटर दाबलं. काही क्षण फोनवर शांतता. मग ती एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली, आणि मी तिला थांबवलं नाही.

खात्री झाल्यावर सर्वांत आधी दुसरी प्रत. मी सांगितलं, बाकी दुरुस्ती उद्या, आत्ता जागा कर आणि सगळ्या फायली परत लॅपटॉपवर आण. पेनड्राइव्हवरही घे. एकच प्रत असलेली वस्तू दुरुस्तीला काढायची नसते. ती कुरकुरली, पण केलं.

दुसऱ्या दिवशी निदान. लोकेल, एवढाच शब्द टाइप करून एंटर दाबला की एक यादी येते: लँग, मग एलसी_सीटाइप म्हणजे अक्षरओळख, एलसी_कोलेट म्हणजे वर्णक्रम, एलसी_टाइम तारखा, एलसी_न्यूमेरिक आकडे, एलसी_मॉनेटरी पैसे, एलसी_मेसेजेस म्हणजे सूचनांची भाषा, आणि सगळ्यांत शेवटी एलसी_ऑल. यात एक बारकावा फार उपयोगी आहे. ज्याची किंमत अवतरणचिन्हांत दिसते ती कुणी मुद्दाम ठरवलेली नाही, दुसऱ्यावरून आलेली आहे. अवतरण नसेल तर ती कुणीतरी ठरवून दिलेली. भाचीच्या यादीत शेवटची, एलसी_ऑल, अवतरणाशिवाय होती. सापडला चोर.

या सगळ्यांत मान कुणाचा मोठा, हेही ठरलेलं आहे. एलसी_ऑल असेल तर बाकी कुणाचं काही चालत नाही. तो नसेल तर त्या त्या कामाचा एलसी. तोही नसेल तर लँग. म्हणजे एलसी_ऑल हे घरातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्यासारखं: ते बोलले की विषय संपला. म्हणूनच ते चुकीचं बोलले तर सगळं घर चुकतं. सर्व्हरवर लँग व्यवस्थित होतं, पण लॅपटॉपकडून आलेल्या एलसी_ऑलनं ते झाकून टाकलं. तिनं कधीतरी कुणाच्या तरी सांगण्यावरून लॅपटॉपच्या .बॅशआरसी या फाईलमध्ये एलसी_ऑलची ओळ चिकटवली होती, आणि विसरली होती. माझं मत स्पष्ट आहे: एलसी_ऑल कायमचं कुठंही लिहून ठेवू नका. मघासारखं एका आज्ञेपुरतं वापरा. कायमचं ठरवायचं असेल तर लँग ठरवा. ती ओळ काढली.

मग सर्व्हरवर कुठली लोकेल आहेत ते पाहिलं: लोकेल, एक जागा, डॅश, छोटा ए. यादीत तीनच नावं आली, सी, सी.यूटीएफ८ आणि पॉझिक्स. (इथं यूटीएफ८ छोट्या अक्षरांत आणि मधल्या डॅशशिवाय दिसतं. तो फरक चालतो, त्यामागे लागू नका. मी एकदा तासभर लागलो होतो.) मराठी नाहीच. ती बसवायला डेबियन किंवा उबंटूवर सूडो, मग डीपीकेजी-रीकॉन्फिगर, मग लोकेल्स. निळ्या पडद्यावर लांबलचक यादी उघडते. तिच्यात मराठीची ओळ ‘एमआर_आयएन यूटीएफ-८’ अशी असते, मधे टिंब नाही, जागा आहे. ती स्पेसबारनं निवडायची, टॅब, एंटर. भारतीय इंग्रजी हवं असेल तर ‘ईएन_आयएन यूटीएफ-८’ सुद्धा निवडून टाका. पुढच्या पडद्यावर कायमचं लोकेल विचारतात. तिथं मी तिला सी.यूटीएफ-८ ठेवायला सांगितलं. का, ते सांगतो. मग बाहेर पडून पुन्हा शिरायचं. ही आज्ञाच नाही असं उत्तर आलं, तर आधी लोकेल्स नावाचं पॅकेज बसवावं लागतं. फेडोरा घराण्यात पद्धत वेगळी, तिथं जीलिबसी-लँगपॅक-एमआर नावाचं पॅकेज असतं.

सर्व्हर तुमच्या मालकीचा नसेल, कॉलेजचा किंवा ऑफिसचा असेल, सूडोची परवानगी नसेल, तर? सर्व्हरवरच्या स्वतःच्या .बॅशआरसीमध्ये दोन ओळी पुरतात. पहिली अनसेट एलसी_ऑल, दुसरी एक्स्पोर्ट लँग, बरोबर, सी.यूटीएफ-८. वारांची नावं मराठीत येणार नाहीत, पण फायलींची नावं येतील. मॅक वापरणाऱ्यांची तऱ्हा थोडी निराळी. त्यांचं टर्मिनल कधीकधी एलसी_सीटाइपमध्ये नुसतंच यूटीएफ-८ लिहून पाठवतं, भाषा-देश काहीच नाही, आणि लिनक्सला तो पत्ता अर्धवट वाटतो. टर्मिनलच्या सेटिंगमध्ये प्रोफाइल्स, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड, तिथं लोकेल सुरुवातीलाच ठरवण्याची एक चौकट आहे, ती बंद करून पाहा.

आता, एवढा मराठीचा कैवार घेऊन सर्व्हरचं कायमचं लोकेल मी मराठी का ठेवू दिलं नाही? कारण सर्व्हरवर आपण एकटे नसतो, तिथं रात्रंदिवस प्रोग्राम चालतात आणि ते एकमेकांचं लिहिलेलं वाचतात. एका प्रोग्रामनं तारीख मराठीत लिहिली आणि दुसरा इंग्रजी महिन्याची वाट बघत बसला, तर घोळ. जर्मनीतल्या आपल्या वाचकांना हे चांगलं ठाऊक असेल: तिकडे दशांशचिन्ह म्हणजे स्वल्पविराम. जर्मन लोकेलमध्ये बॅशच्या प्रिंटएफला ३.१४ दिलं तर ते ‘ही संख्याच नव्हे’ म्हणून परत करतं. तेव्हा सर्व्हर तटस्थ, आणि माणसाचा स्वतःचा लॅपटॉप हवा त्या भाषेत. भाचीचा लॅपटॉप आजही मराठीतच आहे, वारही मराठीत सांगतो.

वर्णक्रमाची एक गंमत राहिली. सी.यूटीएफ-८ मध्ये याद्या अक्षरांच्या क्रमांकानुसार लागतात. युनिकोडमधला देवनागरीचा तक्ता आपल्याकडच्या इस्की या मानकाच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतलेला, आणि तो सगळ्या भारतीय लिप्यांना सामाईक. त्यात ‘ळ’ लगेच ‘ल’च्या मागे बसतो. आपल्या शाळेतल्या तक्त्यात तो ‘ह’च्या नंतर. म्हणून ‘मुलगा, मुळा, मुहूर्त’ असा क्रम लागतो, आपण लावला असता ‘मुलगा, मुहूर्त, मुळा’. मराठीत कुठलाच शब्द ‘ळ’नं सुरू होत नाही म्हणून हे पटकन लक्षात येत नाही. भाचीच्या लक्षात आलं. ‘माळी’ची ओवी ‘मावशी’च्या आधी का, असं तिनं विचारलं.

आणि ज्यांना नुसती मजा म्हणून करून पाहायचं आहे, त्यांनी ‘मराठी’ हा शब्द मोजून बघा. डब्ल्यूसी ही मोजणारी आज्ञा. तिला डॅश एम दिलं की ती चिन्हं मोजते: म, र, काना, ठ, वेलांटी, पाच. तेच ‘सी’ लोकेलमध्ये मोजायला लावलं तर १५. (इको वापरून शब्द दिलात तर ओळ संपल्याचं एक जास्त धरा, ६ आणि १६.) शब्द तोच, मोजणारा बदलला. याला एक व्यवहारी बाजू आहे. लिनक्सवर फाईलच्या नावाला सहसा २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी माणसाला २५५ अक्षरं, आपल्याला ८५ चिन्हं, काने-मात्रे धरून. ओवीचा अख्खा चरण नावात घालायची हौस असेल तर इथं आखडती घ्यावी लागते.

त्या मैत्रिणीचाही मला राग नाही. ‘फायलींना इंग्रजीतच नाव द्या, मराठी नको, भानगड होते’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय, पुढे सांगितलंय. पंचवीस वर्षांपूर्वी त्यात तथ्य होतं, मीही तसंच करत होतो. माझ्याकडे त्या काळातल्या लग्नाच्या फोटोंची एक सीडी आहे, तिच्यात इंग्रजी अक्षरांत ‘काकू१’, ‘काकू२’ अशी नावं आहेत. पाच काकू होत्या. कुठली कुठली, आता कुणी सांगेना.

तुमच्याकडे असा इशारा आला असेल आणि उलगडत नसेल, तर लोकेल या आज्ञेचं उत्तर पडद्यावर ठेवून फोटो काढा आणि सदराकडे पाठवा. सर्व्हरचा पत्ता आणि पासवर्ड फोटोत येणार नाही एवढं बघा. आणि पाठवण्याआधी कुठलीही साफसफाईची स्क्रिप्ट चालवू नका.

भाचीच्या २१२ च्या २१२ फायली नावांसकट आहेत. तीन प्रती आहेत, त्यातली एक माझ्याकडे बडोद्याला. रोज रात्री एक-दोन ऐकतो. परवा तिनं विचारलं, १४७ क्रमांकाच्या फाईलला तिनं ‘आजीच्या मामीची ओवी’ असं नाव दिलंय, ती मामी कुठल्या गावची? मला ठाऊक नव्हतं. धाकट्या मावशीला फोन लावला, ती म्हणाली आधी ऐकव. ऐकवलं. ती दुसऱ्या ओळीपासून बरोबर म्हणायला लागली, आणि पुढच्या चार ओळी ध्वनिमुद्रणात नव्हत्याच. आता पुढच्या रविवारी तिच्याकडे जायचंय, मोबाइल घेऊन.